सोयाबीनपासून घरच्या घरी टोफू (सोया पनीर)

श्रावणात मासे बंद असतात, तेव्हा गोव्यातील अनेक घरांत प्रथिनांसाठी डाळी आणि कडधान्यांवरच भर राहतो. सुमारे ४० टक्के प्रथिने असलेले सोयाबीन तेव्हा अवश्य वापरावे. गोव्यात त्याचे पीक फारसे घेतले जात नाही, कारण पाणी साचलेली जमीन त्याला मानवत नाही. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही त्याची मोठी क्षेत्रे आहेत.

पाव किलो सोयाबीन ८ तास भिजवावे. दमट, उष्ण हवेत पाणी लवकर आंबते, म्हणून ते मध्ये एकदा बदलावे. उग्र वास दाणे वाटताना सुटतो. भिजलेले दाणे उकळत्या पाण्यासोबत वाटल्यास तो बराच कमी होतो. एकूण दोन लिटर पाणी घालून मलमलच्या फडक्यातून दूध गाळावे.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. कच्च्या सोयाबीनमधील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात आणि ते पुरेशा उष्णतेनेच निष्प्रभ होतात; फेस वर आला म्हणजे दूध उकळले असे मुळीच समजू नये, तर खरी उकळी आल्यावर मंद आचेवर, ढवळत, किमान १० मिनिटे ते शिजवावे.

आच बंद करून, दूध किंचित निवल्यावर, चार मोठे चमचे लिंबूरस किंवा माडाचा व्हिनेगर कपभर पाण्यात मिसळून थोडा थोडा घालावा. दूध फाटून पाणी वेगळे झाले की फडक्यात बांधून अर्धा तास वजनाखाली ठेवावे.

तयार टोफूचे तुकडे हलके परतून शागुती या गोव्याच्या मसालेदार रश्श्याच्या वाटणात घालावेत. उरलेला चोथा कटलेटमध्ये उत्तम लागतो; तो त्याच दिवशी वापरावा.