पॅकमन बेडकाचं पिल्लू पाळताय? या चुका टाळा

पॅकमन बेडकाचं पिल्लू आजारी आहे असा फोन आला की मी आधी विचारतो, त्याच्या अंगाला काय काय लागलं? समोरचा मात्र ते किती खातं हेच सांगत बसतो. हा बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून तो पाणी ओढून घेतो, आणि त्यात जे काही विरघळलेलं असेल तेही आत जातं. मूळचा हा अर्जेंटिना, पॅराग्वे, बोलिव्हिया भागातला. मातीत अर्धं अंग पुरून बसायचं, समोरून जाईल ते गिळायचं, असं त्याचं जगणं. दिवसरात्र मातीला चिकटून बसणाऱ्या या जिवाची मातीच बिघडली, तर महागडी टाकी काही कामाची नाही.

आपल्या नाशिकमध्ये सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे द्राक्षबागेतले किडे खाऊ घालणं. मखमलाबादकडच्या एका मुलाने मोठ्या हौसेने चार सेंटिमीटरचं पिल्लू आणलं होतं. टाकी, थर्मामीटर, सगळं व्यवस्थित. फक्त रातकिडे विकत कशाला आणायचे, बांधावर नाकतोडे फुकट मिळतात, असा त्याने हिशेब केला. फळांसाठीची गोडी छाटणी नुकतीच झालेली, नवे डोळे फुटत होते, आणि ते डोळे कुरतडणाऱ्या उडद्या किडीसाठी बागेत फवारणी चालू होती. पिल्लाने नाकतोडे आवडीने खाल्ले. मग एका संध्याकाळी त्याचे मागचे पाय ताठ झाले आणि अंगाला झटके येऊ लागले. मी त्याला स्वच्छ पाण्यात ठेवायला आणि ते पाणी सतत बदलत राहायला सांगितलं. घरी त्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. पहाटे पिल्लू गेलं.

त्याच्या वडिलांना हे पटेना. आमची बाग निर्यातीची, औषधं मोजून मारतो, असं ते म्हणत होते, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण औषधाच्या अंशाची मर्यादा काढणीच्या वेळच्या घडासाठी असते, आणि ती माणसाच्या खाण्याचा विचार करून ठरवलेली असते. काल फवारा बसलेल्या नाकतोड्याला ती लागू नाही. ज्या औषधाने किड्याच्या मज्जातंतूंवर घाव बसतो, ते एवढ्याशा बेडकाला सोडेल कसं? बुरशीसाठी फवारतात त्या बोर्डो मिश्रणाचंही तेच. त्यातल्या मोरचुदाचं तांबं वर्षानुवर्षं मातीत साठत जातं आणि बेडकांना ते विषारी असतं. म्हणून बागेतली गांडुळंही नकोत. गांडूळखताच्या बेडमधली बारीक लाल गांडुळं तर मी कधीच देत नाही. त्यांच्या अंगातून पिवळा, घाण वासाचा स्राव सुटतो आणि पिल्लू बहुतेक वेळा ती थुंकून टाकतं. मी डुबिया जातीची, खाद्य म्हणून पाळली जाणारी झुरळं एका डब्यात स्वतः वाढवतो, गाजर आणि गव्हाच्या कोंड्यावर. कंटाळवाणं काम आहे. ज्यांना तेवढंही जमत नसेल त्यांनी हा प्राणी आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरातली झुरळं पकडून देणाऱ्यांनी ओट्याखाली लावलेलं झुरळांचं जेल आठवावं.

टाकीत मातीऐवजी अंथरायचं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आपल्याकडे कुठल्याही नर्सरीत मिळतं, पण ते रोपांसाठी तयार केलेलं असतं. काहींत खत मिसळलेलं असतं, आणि न धुतलेल्यात मीठ फार असतं. ईसी म्हणजे क्षारांचं मोजमाप, शेतकऱ्याला ते सांगायला नको. कमी ईसीची, खत नसलेली वीट घ्या. तरीही ती मी भिजवून, पिळून, पुन्हा भिजवून, तपकिरी पाणी फिकं होईपर्यंत धुतो. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये, इतकीच ओल ठेवा. थर पिल्लाला पूर्ण पुरून बसता येईल इतका जाड हवा. खडी किंवा रंगीत दगड अजिबात नकोत. भक्ष्याबरोबर गिळले जातात आणि आतडं तुंबतं.

पाण्याची गोष्ट छोटी आहे. नळाचं पाणी अँटी-क्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय वापरू नका. आरओचं पाणी शुद्ध म्हणून देऊ नका, त्यात क्षार जवळजवळ उरलेले नसतात. विष्ठा दिसली की त्याच दिवशी आजूबाजूच्या कोकोपीटसकट काढा, कारण तिचा अमोनिया त्याच कातडीतून आत जातो. मांड्या-पोट लालसर दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. परदेशी प्राणी बघणारा डॉक्टर पिल्लू आणायच्या आधीच शोधून ठेवायचा असतो.

माझा दुसरा मोठा राग बल्बवर आहे. नाशिकची थंडी खरी थंडी असते. या बेडकाला २४ ते २८ अंश लागतात आणि जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्याही खाली उतरतो. सिडकोतल्या एका घरी पिल्लू खाईना म्हणून टाकीच्या जाळीवर ६० वॅटचा पिवळा बल्ब ठेवला. कोकोपीट वरून कोरडं ठणठणीत झालं आणि पिल्लू खोल गेलं. उकरून पाहिलं तर डोळे मिटलेले, अंगावर कोरडा पापुद्रा. मी पोचलो तेव्हा कुंडीत पुरायची तयारी झाली होती.

तो पापुद्रा म्हणजे कातडीचे साचलेले थर. कोरड्या दिवसांत हा बेडूक जमिनीत जातो, स्वतःभोवती असं आवरण करून घेतो आणि पावसाची वाट बघतो. मोठ्याला ते झेपतं, पिल्लाच्या अंगात तेवढी चरबीच नसते. बशीत २५-२६ अंशांचं, नाकपुड्या वर राहतील इतकंच पाणी घेऊन त्याला बसवलं. बऱ्याच वेळाने पापुद्रा मऊ पडला, पुढच्या पायांनी त्याने तो ओढून काढला आणि खाऊन टाकला. ते पिल्लू जगलं.

उष्णतेसाठी हीटिंग पॅड घ्या, तोही थर्मोस्टॅटसकट, आणि तो टाकीच्या बाजूला चिकटवा. खाली कधीच नको. गरम झालं की हा बेडूक खाली खणतो, आणि पॅड खाली असेल तर तो थेट चटक्याकडे जातो. एप्रिल-मेमध्ये उलटी काळजी : ३० च्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो. मी टाकी तळमजल्यावर फरशीवर उतरवतो, तीन बाजूंना ओलं गोणपाट लावतो आणि काचेला टेकून बर्फाची बाटली ठेवतो. कूलरचा झोत टाकीवर घेऊ नका.

दोन पिल्लं एका टाकीत ठेवलीत तर एक दुसऱ्याला गिळेल.

घास त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, आणि त्याला कॅल्शियम-डी३ची पूड लावलेली हवी. गोल्डफिश नको, तिच्यातल्या थायमिनेजने ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं. चिकनचे तुकडे रोज देऊन हाडं वाकलेली पिल्लं मी पाहिली आहेत. चिमटा प्लास्टिकचा घ्या. स्टीलच्या चिमट्यावर झडप घालून जबडा दुखावतो. हाताला सॅनिटायझर लावून त्याला उचलू नका. खरं तर उचलूच नका. हलत नाही म्हणून काडीने डिवचू नका, न हलणं हेच त्याचं काम आहे.

आणि नकोसा झाला म्हणून गोदावरीत किंवा नासर्डीत सोडू नका. बाहेरून आलेल्या बेडकाबरोबर बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी येऊ शकते. ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेत बेडकांच्या कितीतरी जाती तिने संपवल्या आहेत. दुसऱ्या अनुभवी पाळणाऱ्याला द्या, आणि शेवटचं काय आणि कधी खाल्लं ते कागदावर लिहून सोबत द्या.