व्हेंटिलेटरवरील रुग्णाची श्वासनलिका जपायची, तर या चुका टाळा

श्वासनलिकेत घातलेल्या ट्यूबचा पायलट बलून (कफला जोडलेला, बाहेर राहणारा छोटा फुगा) चिमटीत दाबून ‘कफ (ट्यूबच्या आतल्या टोकाजवळचा, हवेने फुगवायचा फुगा) बरोबर आहे’ असे सांगण्याची सवय सोलापुरातल्या आयसीयूमध्ये येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नव्या डॉक्टरला असते, आणि माझ्या मते सर्वांत घातक सवय हीच आहे. बोटांना दाब कळत नाही. कफमधील दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी (हे दाबाचे एकक) एवढाच हवा. त्यापुढे श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा घटू लागतो आणि ५०च्या आसपास तो जवळजवळ थांबतो.

मंगळवेढ्याकडचा एक तरुण शेतकरी कीटकनाशकाच्या विषबाधेतून दुसऱ्या रुग्णालयात, व्हेंटिलेटरवर राहून, बरा होऊन घरी गेला. काही आठवड्यांनी त्याला धाप लागू लागली, तेव्हा दमा समजून पंप सुरू झाला. आमच्याकडे आला तेव्हा आवाज छातीतून नव्हे, गळ्यातून आणि श्वास आत घेताना येत होता. सीटी स्कॅनमध्ये नेमकी कफच्या जागी श्वासनलिका आवळलेली दिसली. जुन्या कागदांवर रक्तदाब, ऑक्सिजन, लघवी यांची तासातासाची नोंद होती. कफच्या दाबाची एकही नव्हती.

मी ड्यूटी बदलताना आणि रुग्णाची कूस बदलल्यावर मॅनोमीटर (दाब मोजण्याचे यंत्र) स्वतः लावतो. तो जोडताना थोडी हवा निसटते, म्हणून आकडा वाचून न थांबता दाब पुन्हा २५ वर आणून ठेवतो. मॅनोमीटर कपाटात कुलूपबंद ठेवण्याला माझा सक्त विरोध आहे.

कफच्या बाजूने हवा गळू लागली की सिरिंजने कफमध्ये आणखी भरणे हा दुसरा उतावळेपणा. पुष्कळदा ट्यूब वर सरकून कफ स्वरतंतूंमध्ये आलेला असतो आणि भरलेली हवा त्यांनाच चेपते. आधी ट्यूबवरची दातांजवळची सेंटिमीटरची खूण पाहावी. साधारणपणे ती स्त्रियांत २१, पुरुषांत २३ सेंटिमीटरला असते.

स्टायलेट (ट्यूब घालताना तिला आकार देणारी आतली तार) ट्यूबच्या टोकाबाहेर येऊ देऊ नये. सक्शन कॅथेटर (स्राव ओढून काढणारी बारीक नळी) ट्यूबच्या आतील व्यासाच्या निम्म्याहून जाड नसावा आणि सक्शन १५ सेकंदांत आटोपावे. ओलाव्याची सोय नसलेला कोरडा वायू अस्तर सुकवतो, म्हणून ओलावा धरून ठेवणारा फिल्टर किंवा ह्युमिडिफायर विसरू नये. कफ रिकामा केल्याशिवाय ट्यूब कधीही ओढू नये.

घरी सोडताना मी कार्डावर मराठीत लिहून देतो: पुढील काही महिन्यांत आवाज बसला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला किंवा धाप लागली, तर दम्याचे औषध सुरू करण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने श्वासनलिका तपासून घ्यावी.