जुना सीडी प्लेअर वापरताय? हेड बदलायच्या आणि अपग्रेड करायच्या आधी या चुका टाळा

पुण्यात जुने सीडी प्लेअर भरपूर पडून आहेत. रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर मारा नाहीतर नात्यातल्या दोन-चार घरी माळ्यावर काय आहे ते विचारा, सोनी, फिलिप्स, मरांट्झ, डेनॉन, टेक्निक्स असं काहीतरी निघतंच, आणि सोबत शास्त्रीय संगीताच्या सीडींचा एखादा खोका पण निघतो. लोक ते बाहेर काढतात, लावतात, डिस्प्लेवर ‘नो डिस्क’ येतं, दुकानात नेतात, तिथे सांगतात हेड (लेझर आणि लेन्स असलेला, सीडी वाचणारा भाग) गेलं, मिळत नाही, नवीन घ्या. आणि चांगलं वीस-पंचवीस वर्षं टिकलेलं मशीन भंगारात जातं. याचा मला खरंच त्रास होतो, कारण त्यातल्या कितीतरी मशीनना नुसती साफसफाई आणि एक बेल्ट एवढंच लागत असतं.

‘नो डिस्क’ म्हणजे हेड गेलं असं धरून चालणं

आधी मशीन काय करतंय ते बघा. प्लग काढून वरचं झाकण उघडा, मग प्लग लावून ट्रे रिकामा आत घ्या आणि जरा बाजूने, तिरकस अंतरावरून लेन्सकडे बघा. चालू मशीनमध्ये हात घालायचा नाही, मागच्या बाजूला 230 व्होल्ट उघडे असतात. सरळ वरून लेन्समध्ये डोळा घालायचा नाही हे पण पक्कं लक्षात ठेवा, सीडीचा लेझर 780 नॅनोमीटरचा असतो, जवळजवळ अदृश्य, त्यामुळे तो किती जोरात आहे हे डोळ्याला कळतच नाही. बाजूने बघितलं तर लेन्स वर-खाली दोन-तीनदा हलताना दिसली पाहिजे (ती फोकस शोधत असते) आणि बारीक लालसर ठिपका दिसला तर लेझर निदान पेटतोय. काही मशीन ट्रेमध्ये सीडी नसेल तर हे करतच नाहीत, म्हणून सीडी घालून पण बघा.

आता यावरून अंदाज येतो. लेन्स हलतेय, ठिपका आहे, पण डिस्क फिरतच नाही, तर बहुतेक वेळा लेन्सवर थर बसलाय किंवा स्पिंडल मोटर (डिस्क फिरवणारी) अडकलीय. ठिपकाच नाही आणि लेन्स हलत पण नाही तर हेडवर जाण्याआधी रिबन केबल (हेडला बोर्डाशी जोडणारी चपटी वायर) आणि पॉवर सप्लाय तपासा. डिस्क फिरते, थोडी वाचते, मग सोडून देते, तरी पहिला संशय घाणीवरच.

सीडी आतून बाहेर वाचली जाते, सुरुवातीला मिनिटाला साधारण 500 फेरे आणि कडेला 200 च्या आसपास. म्हणून पहिली गाणी नीट वाजतात आणि शेवटची अडखळतात असं असेल तर लेझरला दोष देऊ नका, हेड ज्या रेलवरून सरकतं तिथलं ग्रीस वाळून चिकट झालंय का ते बघा. उलट सीडीच्या सुरुवातीला असलेली गाण्यांची यादीच वाचली जात नसेल तर लेन्स, फोकस किंवा मोटर.

आणि तपासायला घरी बर्न केलेली सीडी घेऊ नका. सीडी-आर मधून प्रकाश छापलेल्या सीडीपेक्षा कमी परत येतो, आणि सीडी-आरडब्ल्यू (पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी) मधून तर इतका कमी की ऐंशी-नव्वदच्या दशकातली बहुतेक मशीन ती वाचूच शकत नाहीत, तो बिघाडच नाही. ओरखडे नसलेली एक कंपनीची सीडी फक्त टेस्टिंगसाठी बाजूला ठेवा.

लेन्स साफ करताना केलेले प्रकार

आपल्याकडे लेन्सवर नुसती धूळ नसते. हॉलमध्ये प्लेअर, बाजूच्या स्वयंपाकघरातून फोडणीची वाफ, देवघरातली उदबत्ती, हे सगळं मिळून एक पातळ तेलकट थर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. म्हणून नुसता ब्लोअर मारून बऱ्याचदा काहीच होत नाही. ब्रशवाली क्लीनिंग सीडी मिळते ती पण या थराचं काही करू शकत नाही, ती डिस्क फिरवून बारीक ब्रशने लेन्सवर फटके मारते, आणि लेन्स अगदी नाजूक तारांवर किंवा पट्ट्यांवर तरंगत असते, मी तरी ती जुन्या मशीनमध्ये कधीच घालू देत नाही.

मोबाईल रिपेअरिंगच्या सामानाच्या दुकानात 99 टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिळतं. मशीनचा प्लग काढा, चांगला कापसाचा इअरबड त्यात बुडवा, टिपून घ्या म्हणजे थेंब पडणार नाही, आणि लेन्सच्या मधून बाहेर हलक्या हाताने गोल फिरवा, दाबायचं अजिबात नाही, लेन्स खाली जाऊन परत वर आली पाहिजे इतकाच स्पर्श. मग कोरड्या इअरबडने एकदा. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, अत्तर हे काहीही नको, बहुतेक लेन्स प्लास्टिकच्या असतात आणि एका सेकंदात कायमच्या धुरकट होतात. तोंडाने फुंकर पण नको, थुंकीचे कण जातात.

पावसाळ्यात आणखी एक होतं. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेत लेन्सवर बाष्प धरतं, सकाळी मशीन वाचत नाही आणि दुपारी वाचतं. तेव्हा उघडाउघड करू नका, अर्धा-पाऊण तास मशीन नुसतं चालू ठेवा आणि मग सीडी लावा.

हेडवरचा छोटा स्क्रू फिरवणं

ही चूक सगळ्यात जास्त नुकसान करते. हेडच्या बाजूला स्क्रूसारखा फिरणारा एक बारीक पोटेन्शियोमीटर असतो, लेझरची पॉवर त्याने ठरते. कुणीतरी सांगतं थोडा फिरव, वाचायला लागेल, आणि खरंच वाचायला लागतं, काही दिवस. थकलेल्या लेझरला जास्त करंट दिला की तो आणखी लवकर थकतो, आणि लेन्स नुसती मळलेली असताना फिरवला तर धडधाकट हेड तुम्ही स्वतः मारलेलं असतं. हे ॲडजस्टमेंट ऑसिलोस्कोपवर (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) आरएफ सिग्नल, म्हणजे हेड डिस्कवरून वाचतं तो सिग्नल, बघून करायचं असतं, बऱ्याच मशीनमध्ये तो पीक-टू-पीक (लाटेच्या तळापासून टोकापर्यंत) 1 व्होल्टच्या आसपास असतो आणि नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. स्कोप नसेल तर त्या स्क्रूला हात लावू नका. कारागिराकडे दिलं तर त्यालाही आधीच स्पष्ट सांगा, तो फिरवून देऊ नका म्हणून.

नवीन हेड बसवताना

खरंच हेड गेलं असेल तर मशीनमध्ये कुठलं आहे ते आधी वाचा. सोनी केएसएस-213 किंवा सान्योचं एसएफ-पी101एन असेल तर तुमचं नशीब चांगलं, ही हेड पूर्वी व्हीसीडी प्लेअरमध्ये पण ढिगाने वापरली गेली, त्यामुळे बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, तापकीर गल्लीत विचारलं तर अजून मिळायची शक्यता असते. फक्त दोन गोष्टी सांभाळा. नंबरच्या मागचं अक्षर पण जुळवा, केएसएस-213बी आणि 213सी मध्ये बसवायची पद्धत वेगळी असते. आणि पॅकिंग, छपाई नीट बघा, नकली आणि जुन्या मशीनमधून काढून पुसलेली हेड सर्रास मिळतात.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. नवीन हेडवर स्टॅटिकपासून वाचवायला दोन टोकांमध्ये सोल्डरचा एक छोटा थेंब टाकलेला असतो. हेड बसवून रिबन केबल लावल्यावर तो काढायचा असतो. नाही काढला तर लेझर पेटतच नाही, पुन्हा ‘नो डिस्क’, आणि माणूस म्हणतो नवीन हेड पण खराब निघालं. दुकानात परत भांडायला जाण्याआधी हा थेंब बघा. काढताना बारीक टोकाचा, अर्थिंग असलेला सोल्डरिंग आयर्न वापरा आणि हात आधी एखाद्या अर्थ केलेल्या धातूला लावून मोकळा करा.

फिलिप्स आणि जुन्या मरांट्झवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यात सीडीएम-1, सीडीएम-2, सीडीएम-4 सारखी झुलत्या हाताची मेकॅनिझम असतात, लेझर रेलवर न सरकता झोक्यासारखा कमानीत फिरतो. अप्रतिम काम आहे ते, सीडीएम-1 ला तर काचेची लेन्स आणि ओतीव धातूची बॉडी. पण ती आता बनत नाहीत, म्हणून यातलं चालतं मशीन मिळालं तर त्यावर प्रयोग करू नका. या मशीनमध्ये बिघाड बऱ्याचदा हेडमध्ये नसतोच, बोर्डाच्या दोन बाजू जोडणाऱ्या बारीक रिव्हेटचं सोल्डर तडकलेलं असतं आणि छोटे कपॅसिटर वाळलेले असतात. मशीन गरम झाल्यावर वाचतं, थंड असताना नाही, असं लक्षण असेल तर आधी तिथे बघा. सगळे रिव्हेट तार घालून नव्याने सोल्डर करणं हे संथ काम आहे पण त्याने मशीन अक्षरशः उठून बसतात.

ट्रे ओढून काढणं

ट्रे उघडत नाही म्हणजे बेल्ट सैल झालाय, दहातल्या नऊ वेळा एवढंच. ओढाताण केली की गिअरचा दात तुटतो आणि तो दात कुठेच मिळत नाही. बेल्ट काढा, त्याचा आकार मापा (चौकोनी की चपटा ते पण) आणि लांबी जुन्यापेक्षा किंचित कमी घ्या कारण जुना ताणलेला असतो. स्टेशनरीचं रबरबँड लावू नका, ते काही महिन्यांत वितळून पुलीला चिकटतं. ग्रीस प्लास्टिकला चालणारं सिलिकॉनचं घ्या आणि अगदी बारीक लावा.

लांबून आणलेलं मशीन तसंच लावणं

जपानमधून आलेले प्लेअर दिसायला देखणे आणि स्वस्त मिळतात, पण जपानमध्ये वीज 100 व्होल्ट आहे. मागची पट्टी वाचल्याशिवाय आपल्या 230 ला प्लग लावला तर ट्रान्सफॉर्मरला निरोप. मागे व्होल्टेजचा सिलेक्टर असेल तर ठीक, नसेल तर 230 ते 100 चा स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या, दुकानदार 110 वाला देईल आणि म्हणेल चालतं, पण मग आतले रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) विनाकारण जास्त तापतात. दुसरं म्हणजे खाली वाहतुकीचा स्क्रू असतो का बघा, बऱ्याच मशीनमध्ये हेड पक्कं धरून ठेवायला तो असतो. तो लावलेला असताना मशीन वाचत नाही, आणि तो न लावता बसच्या डिकीतून मुंबईहून पाठवलं तर स्वारगेटला पोहोचेपर्यंत हेड हादरलेलं असतं.

अपग्रेडवर पैसे घालवणं

हे सगळं झाल्यावरच अपग्रेडचा विचार. लोक सुरुवात ऑपॲम्प (आवाजाचा सिग्नल हाताळणारी छोटी चिप) बदलण्यापासून करतात कारण ते सोपं वाटतं. जुन्या मशीनमधला एनई5532 हा ऑपॲम्प अजिबात वाईट नाही, उलट त्याच्या जागी खूप फास्ट ऑपॲम्प टाकला आणि त्याच्या पायाजवळ 100 नॅनोफॅरडचा डिकपलिंग कपॅसिटर (त्याचा वीजपुरवठा स्थिर ठेवणारा) नसला तर तो ऑसिलेट करायला, म्हणजे स्वतःच नको तो सिग्नल तयार करायला लागतो, आवाज कर्कश होतो आणि माणसाला वाटतं ‘डिटेल’ वाढलं. शिवाय स्वस्तात मिळणारे ऑपॲम्प बरेचदा नकली असतात. टीडीए1541ए सारख्या जुन्या डॅक चिपवर (डॅक म्हणजे सीडीवरच्या डिजिटल आकड्यांचा ॲनालॉग आवाज करणारा भाग) ‘क्राऊन’, म्हणजे निवडक चिपवरची मुकुटाची खूण, खोटी छापून विकणारे तर खूपच आहेत, तिकडे अजिबात जाऊ नका.

माझ्या मते पैसा पहिला पॉवर सप्लायच्या कपॅसिटरवर जावा. 105 डिग्रीचे चांगल्या कंपनीचे घ्या, व्होल्टेज तेवढंच किंवा जरा वरचं, मायक्रोफॅरड मात्र दुप्पट-तिप्पट करू नका, रेक्टिफायरवर (एसी विजेची डीसी करणारा भाग) ताण येतो. प्लेअर ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवत असाल तर तो आजच खाली उतरवा, दर 10 डिग्री उष्णता वाढली की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करा हे पण सांगितलंच पाहिजे. सीडी प्लेअरचं आउटपुट साधारण 2 व्होल्ट असतं, बाहेरचा डॅक जरा जास्त देत असेल तर तो ‘जास्त चांगला’ वाटणारच, कानाला जोरातलं नेहमी बरं वाटतं. मल्टीमीटरने टेस्ट टोन वाजवून मोजा, मग ठरवा. आणि प्लेअर ॲम्पच्या फोनो इनपुटला लावू नका, ते तबकडीच्या सुईच्या काही मिलिव्होल्टसाठी असतं.

बाहेरचा डॅक लावणार असाल तर कोॲक्सियल डिजिटल आउटपुटसाठी 75 ओहमची साधी व्हिडिओ केबल पुरते, महागड्या केबलची गरज नाही. एक गोष्ट मात्र तपासा. ऐंशीच्या दशकातल्या काही सीडी, विशेषतः जपानी छपाईच्या, प्री-एम्फसिस लावून केलेल्या आहेत, म्हणजे वरचे सूर मुद्दाम वाढवून रेकॉर्ड केलेले आणि प्लेअरने वाजवताना ते परत खाली आणायचे. जुना प्लेअर हे गुपचूप करतो, पण सीडीवर त्यासाठी जो इशारा असतो तो आजचे बरेच डॅक वाचतच नाहीत. त्यामुळे अशी सीडी डॅकवरून टोचते आणि प्लेअरच्या स्वतःच्या आउटपुटवरून छान वाटते. तेव्हा डॅक आल्यावर जुन्या ॲनालॉग वायर काढून टाकू नका, ॲम्पच्या दुसऱ्या इनपुटला लावून ठेवा.

सीडीची काळजी उलट्या बाजूने घेणं

सगळे चकचकीत बाजूला जपतात आणि सीडी टेबलावर छापील बाजू खाली करून ठेवतात. माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, त्याच्यावर फक्त लॅकरचा पातळ थर. खालच्या बाजूला 1 मिलिमीटरहून जास्त जाडीचं पॉलिकार्बोनेट आहे, तिथला ओरखडा बऱ्याचदा पॉलिश करता येतो आणि साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट तर प्लेअर स्वतःच पूर्ण भरून काढतो. छापील बाजूचा ओरखडा मात्र कायमचा. तिथे स्टिकर लावू नका, बॉलपेनने नाव लिहू नका. पुसताना मधून कडेला सरळ पुसा, गोल नाही, कारण गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि मग ती तूट भरून काढण्याच्या पलीकडे लांब होते.

जूनच्या आधी सगळा खोका एकदा उघडून बघा, कव्हरमधले फोम किंवा रेक्झिनचे तुकडे सीडीला चिकटलेत का ते तपासा आणि असतील तर काढून टाका. प्लेअर पावसाळाभर आठवड्यातून एकदा तरी तासभर वाजता ठेवा, आणि ट्रे उघडा ठेवून झोपू नका.