सोसायटीत होर्डिंग घेताय? सही करण्याआधी हे तपासा

‘परमिशनचं सगळं आम्ही बघतो,’ असं एजन्सीने म्हटलं की बऱ्याच कमिट्या निर्धास्त होतात. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४४ प्रमाणे आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय आकाशचिन्ह (म्हणजे इमारतीवर किंवा खांबांवर उंच, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारं होर्डिंग) उभारता येत नाही, आणि उभारलंच तर ते उतरवण्याची नोटीस जागेच्या मालकाला किंवा भोगवटादाराला काढता येते. म्हणजे सोसायटीला. मुंबईत १८८८ चा स्वतंत्र कायदा लागू आहे. तिथे हीच तरतूद कलम ३२८ मध्ये आहे.

सुरुवात आपल्याच कपाटातून करा. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा काढून जमीन कोणाच्या नावावर आहे ते बघा. अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं) झालेलं नसेल तर कागदोपत्री जमीन अजून बिल्डरची किंवा मूळ मालकाचीच असते आणि एकट्या सोसायटीचं संमतिपत्र तोकडं पडतं. जागा सोसायटीच्याच नावावर असेल तर विषय सर्वसाधारण सभेत घ्या. ठरावात होर्डिंगची जागा, लांबी-रुंदी, मुदत आणि एजन्सीचं नाव स्पष्ट लिहा. ‘योग्य त्या आकाराचे’ असा शब्दप्रयोग ठरावात नको.

मग एजन्सीकडे परवानगीची प्रत मागा आणि ती घेऊन स्वतः आकाशचिन्ह व परवाना विभागात जा (मुंबईत अनुज्ञापन खात्यात). मूळ नोंदीशी चार गोष्टी पडताळा: जागेचा पत्ता, आकार, दिशा आणि मुदत. शेजारच्या प्लॉटची परवानगी दाखवून काम उरकण्याचा प्रकार प्रत्यक्ष नोंद बघितल्याशिवाय पकडता येत नाही. खात्याने दाद दिली नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तोवर सही थांबवा. जाहिरात कराची जुनी पावती परवानगी म्हणून पुढे केली जाते, तीही चालत नाही. जीएसटी आल्यावर तो कर गेला आणि महापालिका आता परवाना शुल्क घेते. शिवाय पावती म्हणजे पैसे भरल्याचा पुरावा, परवानगी नव्हे.

परवानगी एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांची असते, पण मुदत शिल्लक असतानाही ती रद्दबातल ठरू शकते, हे फार थोड्यांना माहीत असतं. आकाशचिन्हात बदल किंवा भर घातली, त्याचा काही भाग पडला, किंवा इमारतीच्या दुरुस्तीत ते हलवावं लागलं, तर परवानगी आपोआप संपते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करताना सांगाडा सरकवला तर नवीन अर्ज करावा लागेल.

सगळ्यात जास्त गडबड आकारात होते. परवानगी ४० बाय २० फुटांची निघते, सहा महिन्यांनी वर १० फुटांची पट्टी चढते. तेवढ्याने काय होतंय, असं वाटतं. हिशेब बघा. बांधकामावर येणारे भार ठरवणारं भारतीय मानक आहे आयएस ८७५. त्याच्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर धरला आहे. दाब वेगाच्या वर्गाच्या ०.६ पट, म्हणजे पुण्यात चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन. ४० बाय २० चा फलक ७४ चौरस मीटरचा, म्हणून त्यावर जवळपास सात टनांचा रेटा येतो. मुंबईत पावणेनऊ टनांचा. उंची, परिसर आणि आकाराचे गुणांक अभियंता यावर वेगळे लावतो. आता पट्टी चढवली की क्षेत्रफळ दीडपट होतं, पण रेट्याचं केंद्रही वर सरकतं. फलकाची खालची कड २० फुटांवर असेल तर ते ३० वरून ३५ फुटांवर जातं आणि बुडाशी सांगाडा उलथवणारा जोर पाऊणपटीने वाढतो. पाया मात्र जुनाच राहतो. १३ मे २०२४ ला घाटकोपरला कोसळलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, पालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० असताना. क्षेत्रफळ नऊपट. त्यात १७ जण गेले.

स्ट्रक्चरल स्टॅबिलिटीचं प्रमाणपत्र एजन्सी देतेच. तरीही सोसायटीने आपला अभियंता नेमावा आणि फी आपण भरावी. ज्याची फी, त्याचा अहवाल. गच्चीवर त्याला पहिला प्रश्न विचारा: बेसप्लेट (खांबाच्या तळाची लोखंडी पाटी) कशावर बसणार? कॉलम-बीमवर हवी. नुसत्या स्लॅबमध्ये ठोकलेले अँकर (पकडीचे बोल्ट) वॉटरप्रूफिंग फोडतात आणि उपटलेही जातात. कठड्याला तर काहीच बांधू देऊ नका, तो भार घेण्यासाठी नसतोच. जमिनीवर उभारायचं असेल तर खाली भराव आहे की मुरूम, हे खड्डा घेऊन बघायला लावा.

नंतर दरवर्षी मेच्या सुरुवातीला पाहणी. गंज आधी धरतो बेसप्लेट आणि खांब यांच्या सांध्याला, कारण तिथे पाणी साचतं. वरून रंग मारला की तो झाकला जातो. हातोडीने ठोकून बघा: पापुद्रे निघाले की समजायचं. वेल्डिंगची भेग, एकाच नटावर भागवलेला बोल्ट, झोळ आलेला फ्लेक्स यांचेही फोटो तारखेसह ठेवा.

करारात दोन अटी हट्टाने घाला. हवामान खात्याने वादळी वाऱ्याचा इशारा दिला की ठरलेल्या तासांत फ्लेक्स उतरवायचा. फ्लेक्समागे पत्रे ठोकलेले असतील तर ही अट कागदावरच राहते, म्हणून पत्र्यांना मनाई. फ्लेक्सला भोकं पाडल्याने वारा निघून जातो ही समजूतही सोडा. त्याने फारसा फरक पडत नाही. दुसरी अट विम्याची: त्रयस्थ व्यक्तींच्या नुकसानीची पॉलिसी, त्यात सोसायटीचं नाव, आणि वादळाने झालेली हानी वगळलेली नाही याची खात्री.

भाड्याचं म्हणाल तर ते बाहेरच्याकडून आलेलं उत्पन्न आहे. सभासदांच्या वर्गणीसारखी त्यावर करमाफी मिळत नाही, तेव्हा आकडा सीएला दाखवूनच ठरवा.

करार संपल्यावर काढण्याचा खर्च कोणाचा, किती दिवसांत आणि कशा पद्धतीने, हेही आधीच लिहून घ्या. ५ ऑक्टोबर २०१८ ला पुण्यात जुना बाजार चौकातलं होर्डिंग काढण्याचं काम चालू असतानाच रस्त्यावर कोसळलं आणि चौघांचा जीव गेला. म्हणून खालचा रस्ता बंद करून, सांगाडा क्रेनने धरून, वरून खाली एकेक भाग कापत उतरवायचा, आणि अभियंता हजर असल्याशिवाय गॅसकटर पेटवायचा नाही.