समाजशास्त्रात पदवी करताय? या चुका टाळा

कुटुंब, शाळा, नोकरी हे सगळं रोजचंच आहे, तेव्हा समाजशास्त्र सोपं जाईल, असं समजून अनेक जण हा विषय घेतात. गडबड तिथूनच सुरू होते. 'हे तर माहीतच होतं' असं वाटलं की पुरावा काय दिलाय ते बघायचं राहून जातं.

समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड यांनी १९४९ मध्ये एका लेखात हे फार छान दाखवलं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या पाहणीचे निष्कर्ष म्हणून त्यांनी काही विधानं दिली. उदाहरणार्थ, जास्त शिकलेल्या सैनिकांना मानसिक त्रास जास्त झाला. खेड्यातून आलेले सैनिक शहरी सैनिकांपेक्षा आनंदी होते. सोबत पटण्याजोगी कारणंही जोडली. आणि मग सांगितलं, की प्रत्यक्षात नेमकं उलट आढळलं होतं! तेव्हा एखादं विधान पटलं की त्याच्या उलट विधान वहीत लिहून बघा. तेही तितकंच पटत असेल, तर पुरावा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटते: विचारवंतांचं पाठांतर. दुर्खीम म्हणजे आत्महत्या, मार्क्स म्हणजे वर्ग, वेबर म्हणजे नोकरशाही. एवढ्यावर पास होता येतं, पण 'या युक्तिवादातली उणीव सांगा' म्हटलं की पेन अडतं. प्रत्येकाबद्दल तीनच गोष्टी लिहून काढा: प्रश्न कोणता, आधार कशाचा, आणि उत्तर कुठे तोकडं पडतं.

दुर्खीमचंच घ्या. आत्महत्या ही इतकी खासगी गोष्ट, तरी एकेका समाजात तिचं प्रमाण वर्षानुवर्षं साधारण सारखं कसं राहतं, हा त्यांचा १८९७ च्या ग्रंथातला प्रश्न. आधार सरकारी आकडेवारीचा. प्रोटेस्टंट भागांत प्रमाण कॅथलिक भागांपेक्षा जास्त दिसलं. कारण, त्यांच्या मते, समाजाशी असलेली बांधिलकी तिथे सैल होती. पण बरेच आकडे प्रदेशांचे होते आणि बोलणं माणसांबद्दल.

प्रदेशांच्या आकड्यांवरून थेट माणसांवर मारलेल्या या उडीत काय धोका असतो, ते समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दाखवलं. १९३० च्या अमेरिकी जनगणनेत, परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जिथे जास्त, त्या राज्यांत निरक्षरता कमी दिसत होती. एकेका माणसाकडे पाहिलं, तर परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षरता थोडी जास्त होती. ही माणसं मुळात जास्त साक्षर राज्यांत जाऊन वसली होती. तुमच्या असाइनमेंटमध्ये जिल्ह्यांचे किंवा देशांचे आकडे असतील, तर वाक्याचा कर्ताही जिल्हा किंवा देशच ठेवा.

संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र शेवटच्या वर्षावर ढकलू नका. ते कळत नसेल, तर बाकीच्या पेपरांतलं निम्मं वाचन डोळे मिटून केल्यासारखं होतं.

प्रकल्पाची गाडी बहुधा विषयामुळे अडते. 'सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम' यावर कुणालाच काही शोधता येणार नाही. कोणते तरुण, कोणती सवय, कशाशी तुलना, हे ठरेपर्यंत प्रश्नावली लिहायला घेऊ नका. आणि फक्त मित्रांच्या मुलाखती घेतल्या असतील, तर निष्कर्ष त्याच गटापुरता आहे, असं अहवालात स्पष्ट लिहा. त्याने गुण जात नाहीत; उलट तुम्हाला नमुना निवड (म्हणजे अभ्यासासाठी माणसं कशी निवडायची ते) कळली आहे, हे परीक्षकाला दिसतं.