जुना डेस्कटॉप वेगवान आणि शांत करताना या चुका टाळा

चौथ्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क. २०१३-१४ च्या सुमारास घेतलेले असे डेस्कटॉप अजून पुष्कळ घरांत आहेत आणि त्यांत बरंच आयुष्य शिल्लक आहे. फक्त पैसे भलत्याच जागी घालू नका.

आवाज कुठून येतो ते न बघता नवा पंखा आणणं, ही सगळ्यात मोठी चूक. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा, मशीन चालू करा आणि कान द्या. काम वाढलं की वाढणारं घोंघावणं प्रोसेसरच्या पंख्याचं असतं. कॅबिनेटवर तळहात दाबला की थांबणारी थरथर बहुधा ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कची. तिचे स्क्रू घट्ट करा. डिस्कमधून खटखट ऐकू आली तर मात्र बाकी सगळं सोडा आणि आधी फोटो-कागदपत्रांची कॉपी काढा. घरघर एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या डब्याची) असेल तर तो उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज राहते. तो अख्खा बदला, पण कंपनीच्या ऑफिस मॉडेलमध्ये कनेक्टर अनेकदा नेहमीचा २४ पिनचा नसतो, तेव्हा आधी पिना मोजा.

धूळ काढताना मशीन बंद करून वायर काढा आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या झोताने ती भन्नाट फिरली की बेअरिंग खराब होतं.

थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला, उष्णता वाहून नेणारा लेप) बदलताना जुनी पूर्ण पुसा, नवी मटाराच्या दाण्याएवढी पुरे. खरी गडबड होते ती इंटेलच्या मूळ कूलरच्या चार पिनांत. समोरासमोरची तिरपी जोडी आधी दाबा, मग दुसरी. प्रत्येक पिन टक्‌ वाजली पाहिजे. एक जरी अर्धवट बसली तरी हीटसिंक (कूलरचा धातूचा भाग) कलतो, प्रोसेसर तापतो, पंखा पूर्ण वेगाने ओरडत राहतो आणि दोष मात्र पंख्याला मिळतो. पंखा खरोखरच बदलायचा असेल तर चार पिनांच्या प्लगचा घ्या, म्हणजे बायोसमधून (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमधून) त्याचा वेग आवरता येतो.

वेगासाठी पहिला खर्च एसएसडीवर (फिरणारे भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर). त्यातही २.५ इंची, साटा केबलने जोडायची घ्या. त्या काळच्या बहुतेक मदरबोर्डांवर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) नाही आणि अडॅप्टर लावला तरी जुन्या बायोसमुळे मशीन एनव्हीएमई (त्याहून वेगवान प्रकारच्या) एसएसडीवरून सहसा सुरू होत नाही. रॅम बोर्डाला चालते तीच, इथे डीडीआर३.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. इंटरनेट, टायपिंग, सिनेमे एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाका, छान चालतं.

सगळं जोडून मशीन सुरूच झालं नाही, तर लगेच दुकान गाठू नका. वायर काढून रॅम पुन्हा नीट बसवा आणि प्रोसेसरजवळची चार पिनांची पॉवर केबल तपासा. साफसफाईत तीच हमखास लावायची राहते.