बागेतल्या आणि बंदरावरच्या परक्या कामगारांसाठी आरोग्य शिबिर : तयारीची यादी

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर हापूसच्या बागा राखणारे आणि मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणून जाणारे बरेचसे हात आज नेपाळचे आहेत. कायद्याच्या अर्थाने हे लोक निर्वासित नव्हेत, कारण १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. खरोखरच आश्रय मागत आलेल्या माणसाची स्थिती याहून पुष्कळ नाजूक असते, कारण निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. दवाखान्याच्या दाराशी मात्र दोघांच्या अडचणी सारख्याच असतात: भाषा परकी, कागदपत्रे अपुरी, आणि मालकाची किंवा पोलिसांची धास्ती. म्हणून पुढील तयारी दोघांनाही लागू पडेल. ती करताना एक गोष्ट सतत डोळ्यांसमोर असावी, ती म्हणजे हा रुग्ण ठराविक काळानंतर इथून जाणार आहे.

त्यामुळे पहिला निर्णय तारखेचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. त्याआधीच नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या, म्हणजे पावसापासून झाकल्या, जातात आणि खलाशी गावी जातात. बागेतला राखणदार मोहोराच्या सुमारास येतो आणि आंबा उतरला की निघतो. शिबिर मे महिन्यात भरवले तर ज्याच्या छातीत आजार सापडेल तो तपासणीचा अहवाल येण्यापूर्वीच गाडीत बसलेला असेल. मुख्य शिबिर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणि फेरतपासणी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, ही वाटणी मला सर्वांत उपयोगी वाटते. वेळ ठरवताना आपल्या कार्यालयाची सोय पाहू नये. हर्णैसारख्या बंदरावर संध्याकाळी लिलाव चालू असताना कुणी रांगेत उभे राहणार नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला आलेली नौका बर्फ आणि डिझेल भरून केव्हा परत निघेल हे नौकेचा प्रमुख, म्हणजे तांडेलच, सांगू शकतो, म्हणून आधी त्यालाच विचारावे. बागेतला माणूस रात्री जागा असतो, तेव्हा त्याला सकाळी लवकर बोलावण्यात अर्थ नाही.

त्यानंतर माणसे भेटून घ्यावीत. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, त्या वाडीच्या आशाताई, मच्छीमार सोसायटीचे पदाधिकारी आणि बागायतदार या सर्वांना शिबिराची कल्पना असावी, परंतु तपासणीच्या पडद्याआड यांपैकी डॉक्टर आणि आशाताईंखेरीज कुणीही नसावे. दुभाषा म्हणून मुकादमाला बसवण्याचा मोह होतो, कारण तो हजर असतो आणि त्याला हिंदीही येते; पण ज्याच्या हातात मजुरी आहे त्याच्यासमोर कुणी रक्त पडल्याचे किंवा दारूचे सांगत नाही. जुना, बोलका आणि त्या मालकाकडे काम न करणारा एखादा नेपाळी गृहस्थ, आणि स्त्रियांसाठी एखादी नेपाळी स्त्री, यांना आधी भेटून, ऐकलेले बाहेर बोलायचे नाही हे स्पष्ट सांगून, दिवसाचा मोबदला देऊन बोलवावे. फुकटच्या दुभाषाकडून गुप्ततेची अपेक्षा करणे मला रास्त वाटत नाही.

नोंदणीच्या टेबलावर नाव, वय, गाव आणि दोन मोबाईल क्रमांक एवढेच विचारावे. दुसरा क्रमांक घरचा असावा, कारण परत गेल्यावर इथले सिम बंद पडते. आधार कार्ड मागू नये. ज्याच्याकडे ते नाही तो रांगेतून निमूट निघून जाईल आणि चार जणांना घेऊन जाईल. छायाचित्रे काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची पद्धत इथे कटाक्षाने टाळावी, आणि आश्रयार्थी असतील तर त्यांच्या नोंदवहीची कुणालाही प्रत देऊ नये. प्रत्येकाच्या हातात जाड कागदाचे एक कार्ड द्यावे. नेपाळीही देवनागरीतच लिहितात, त्यामुळे सूचना स्वच्छ अक्षरांत लिहिल्या तर घरी कुणीतरी त्या वाचून दाखवील. औषधाचे मात्र कंपनीचे नाव न लिहिता मूळ नाव लिहावे, म्हणजे तिकडच्या आरोग्य केंद्रातही ते कळेल.

औषधांची पेटी भरताना शहरातल्या शिबिराची यादी जशीच्या तशी उचलू नये. बागेतला माणूस मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, जमिनीवर निजतो आणि शेजारी चिऱ्यांचा गडगा (दगड रचून केलेले कुंपण) असतो. विंचू आणि फुरसे हा विषारी साप यांना याहून चांगली जागा मिळणार नाही. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी जीव वाचवते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्याच रुग्णांवर काम करून दाखवले. ती जवळच्या केंद्रात शिल्लक आहे का, हे शिबिरापूर्वी स्वतः जाऊन पाहावे. सर्पविषावरील लसीचेही तेच. फुरसे चावल्यावर रक्त गोठणे बंद होते, म्हणून काचेची स्वच्छ, कोरडी नळी हाताशी असावी: शिरेतले थोडे रक्त तीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग तिरपी करून पाहायची, रक्त पातळच राहिले तर विष भिनले असे समजून लस द्यायची आणि रुग्णालयाकडे हलवायचे. बागेत जाऊन सांगायच्या गोष्टी म्हणजे दंशाच्या वर दोरी करकचून बांधू नये, जखमेला चीर देऊ नये, १०८ ला फोन करावा, आणि निजायला खाट व रात्री फिरायला बॅटरी मिळाली पाहिजे. शेवटच्या दोन वस्तू बागायतदाराने द्यायच्या असतात. मोहोरावर फवारणी करणाऱ्यांना डोळ्यांची जळजळ, मळमळ, फार घाम येतो का हे वेगळे विचारावे, आणि ते कोणते कीटकनाशक वापरतात ती बाटली पाहावी.

बंदरावर दुखणी निराळी. शिंगाळा माशाचा काटा हातात मोडलेला, पाकट माशाची नांगी पायात गेलेली, दोरखंडाने सोललेले तळवे, सतत ओल्या राहिलेल्या त्वचेवर गजकर्ण. पाकटीच्या दंशावर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवला की कळ उतरते, तेव्हा जेटीवर स्टोव्ह आणि घमेले न्यावे. धनुर्वाताची लस पुरेशी असावी. एका खोलीत अनेक जण निजत असल्याने खरजेचे मलम एकालाच देऊन उपयोग नाही. त्या खोलीतल्या सर्वांनी ते एकाच रात्री लावले पाहिजे, म्हणून नळ्या तेवढ्या मोजून न्याव्यात.

तापाच्या रुग्णासाठी मलेरियाचे तपासणी संच हवेत. व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया निघाला तर प्रायमाक्विन हे औषध १४ दिवस घ्यावे लागते, आणि पाचव्या दिवशी बरे वाटल्यावर नौकेवर गेलेला खलाशी ते हमखास सोडतो. त्यामुळे पूर्ण १४ दिवसांच्या गोळ्या तारखा लिहून हातात द्याव्यात आणि तांडेलाला एवढेच सांगावे की या माणसाला रोज एक पाकीट उघडायचे आहे. सिंधुदुर्गात दोडामार्गाच्या बाजूला काजूच्या हंगामात ताप आला तर गोचिडांमुळे पसरणाऱ्या माकडतापाचा विचार करावा. पावसाळ्यात राहणाऱ्यांना लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) माहिती द्यावी.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्याचा थुंकीचा नमुना त्याच दिवशी घ्यावा. क्षयरोगाचे साधे उपचारही सहा महिन्यांचे असतात, म्हणून औषध सुरू करतानाच निघण्याची तारीख विचारून निक्षय क्रमांक (क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) कार्डावर लिहावा आणि उरलेल्या महिन्यांची व्यवस्था तेव्हाच बोलून ठेवावी. नेपाळमध्येही क्षयाची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, मात्र तिथे दाखवायला पत्र लागते. मधुमेह आणि रक्तदाब यांच्या बाबतीत दहा दिवसांच्या गोळ्या देऊन मोकळे होणे हे न देण्याहून फारसे बरे नाही.

मुले आणि गरोदर स्त्रिया बहुधा शिबिराला येत नाहीत, त्यांच्याकडे आपणच जावे. बागेतल्या खोपटांची मोजदाद आशाताईंनी आधी करावी, लसीकरणाचे कार्ड नसेल तर नवीन करावे, आणि आधार नसणे ही लस देण्यातली अडचण मानू नये.

पडदे, वजनकाटा, पिण्याचे पाणी आणि चटया यांची जबाबदारी एकाच माणसाकडे द्यावी. त्याहून महत्त्वाची जबाबदारी अहवालांची: ते आल्यावर बागेत आणि जेटीवर कोण जाणार, त्याचा पेट्रोलचा खर्च कुठून येणार, हे शिबिराच्या आधी लिहून ठरवावे. मेच्या पहिल्या आठवड्यात उपचार चालू असलेल्या रुग्णांची यादी काढून प्रत्येकाच्या निघण्याचा दिवस विचारावा, आणि त्याआधी प्रवासाला व घरी पोहोचल्यावर निदान महिनाभर पुरतील एवढी औषधे व संदर्भपत्र त्याच्या हाती पोहोचवावे.